चाळीसचं इंजिन

जळगाव
११ नोव्हेंबर २०२४

समाधान,

काल तू माझा फोन मधेच कट केलास. परवाही केला होतास. मोठ्या बहिणीचा फोन कट करण्याइतका तू कधी मोठा झालास ते मला कळलं नाही, म्हणून आता लिहूनच कळवते. कागद फाडता येतो, पण वाचल्याशिवाय तुझ्याने तो फाडवणार नाही. तुला मी लहानपणापासून ओळखते.

माझी मुलगी मालवणला दोन वर्षं पर्यटकांना पाण्यावरचे खेळ शिकवून परत आली. मी म्हटलं, झाली हौस, आता घरी राहील. तर तू मामा म्हणून आलास आणि तिला घेऊन गेलास. बंधाऱ्यामुळे तापीचं पाणी आपल्या शेतापर्यंत तुंबलंय, तिथं होडी टाकू, वॉटर स्कीइंग सुरू करू, शिरपूर-धुळ्याची कॉलेजची पोरं येतील, ज्योत्स्ना शिकवेल. ठीक आहे. माणसाच्या पायाला फळ्या लावायच्या, हातात दोरी द्यायची आणि होडीमागे पाण्यावरून पळवायचं, याला धंदा म्हणतात हेही मी मान्य केलं. पण काल तू काय म्हणालास? "अक्का, आपला ट्रॅक्टर पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा. भरलेली उसाची ट्रॉली ओढतो. एवढीशी ज्योत्स्ना ओढायला चाळीसचं इंजिन चिक्कार झालं."

मी वीस वर्षं आमच्या पाइप-मोटरीच्या दुकानात गल्ल्यावर बसते आहे. माणूस येतो, म्हणतो शेजाऱ्याने पाचची मोटर घेतली, मलाही पाचची द्या. मी विचारते, विहीर किती खोल, पाइप किती लांब, पाणी कुठवर चढवायचं. ते सांगितल्याशिवाय मी मोटर खोक्यातून बाहेर काढत नाही. आणि माझा सख्खा भाऊ ट्रॅक्टरकडे बघून होडीचं इंजिन ठरवतो. ट्रॅक्टरच्या चाकाखाली जमीन असते, समाधान. आणि तुझ्या त्या दोरीच्या टोकाला ट्रॉली नाही, माझी मुलगी असणार आहे.

दुसरं. फैजपूरच्या गिरधरनानांनी आपल्या मुलासाठी ज्योत्स्नाला विचारलंय. केळीचे मळे आहेत, मुलगा शिकलेला आहे. मी त्यांच्याकडे संक्रांतीपर्यंत वेळ मागितला आहे. संक्रांतीपर्यंत तुमचं काम पाण्यावर चालू झालेलं दिसलं तर ज्योत्स्ना तिथं राहील, मी एक शब्द बोलणार नाही. नाही दिसलं तर फैजपूरला होकार आणि उन्हाळ्यात, आखाजीच्या सणाच्या आत लग्न. हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे. तिने मान हलवली आहे. आता तूही हलव.

सुलक्षणा


तापीकाठ, ता. शिरपूर
१९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं.

ट्रॅक्टरचं मी बोललो, खोटं कशाला सांगू. पण ते ऐकून तुझ्या पोरीने माझी जी काढली ती तुझ्यापेक्षा कमी नव्हती. खळ्यात बसवून मला शिकवलं तिने. माणूस सुरुवातीला पाण्यात उकिडवा बसलेला असतो, फळ्यांची टोकं तेवढी वर. तिकडे होडीही निघताना नाक वर करून मागून बुडालेली असते. इंजिनाने तिला एका दमात पाण्याच्या वर काढून सपाट पळवलं, तरच मागचा माणूस ओढीनं उभा राहतो. दम कमी पडला तर तो तसाच पाणी पीत फरपटत येतो. म्हणजे ताकद एकट्या ज्योत्स्नापुरती धरायची नसते. होडी, होडीतली माणसं, पेट्रोल आणि मागचा, बठ्ठं मिळून धरायचं असतं. आपली होडी सतरा फुटी, फायबरची. तिला नव्वदचं इंजिन पाहिजे. खालचा पंखाही नुसत्या वेगाचा नको, कमी पिळाचा पाहिजे, तो उचल लवकर घेतो. आता तुझ्या गल्ल्यावर येऊन परीक्षा देऊ का?

तर नव्वदचं सांगितलं आहे. मुंबईचा विक्रेता म्हणतो की ते बाहेरून येतं, तीन महिने लागतील. फेब्रुवारी संपेल. आणि तू बसली आहेस संक्रांत धरून. पोरीचं लग्न आणि इंजिनाची तारीख एका दाव्याला कुणी बांधली? मी नाही बांधली. फैजपूरवाल्यांना एवढी घाई असेल तर त्यांना म्हणावं दुसरीकडे बघा, खान्देशात पोरी कमी नाहीत. बोल त्यांच्याशी आणि संक्रांतीऐवजी होळी धर. दीड-दोन महिन्यांनी तुझं काय बिघडतं?

दाजींना नमस्कार. ते बिचारे तुझ्यासोबत कसे राहतात देव जाणे.

समाधान


जळगाव
२७ नोव्हेंबर २०२४

समाधान,

तीन महिने हे वाक्य मी दुकानात रोज बोलते. माल गोदामात असतो तेव्हाही बोलते. माणूस ताटकळला की भाव करत नाही, म्हणून बोलते. तेव्हा मला तू ते शिकवू नकोस. एक तर त्या मुंबईवाल्याने तुला गुंडाळलंय, नाहीतर तुम्ही मामा-भाची मिळून मला गुंडाळताय. वेळकाढूपणा चाललाय तुमचा. फेब्रुवारीत म्हणाल मार्च, मार्चमध्ये म्हणाल नदी आटली, पुढच्या वर्षी बघू. तोवर ज्योत्स्ना सव्वीसची होईल आणि फैजपूरच्या मुलाला पोरं होतील.

मी गिरधरनानांना शब्द दिला आहे. शब्द मागे घ्यायला मी दुसऱ्यांदा त्यांच्या दारात जाणार नाही. त्यांची बायको कोकिळाताई आधीच म्हणाली, "मुलगी पाण्यात काय काम करते म्हणता?" ते मी ऐकून घेतलं, कुणासाठी ऐकून घेतलं?

नव्वदचं आण, पण संक्रांतीच्या आत आण. त्या माणसाच्या बोकांडी बस. नाही जमलं तर नाही जमलं म्हण. संक्रांत म्हणजे संक्रांत.

दाजींची काळजी करू नकोस. ते मजेत आहेत. त्यांना कुणी होडीमागे बांधलेलं नाही.

सुलक्षणा


तापीकाठ
५ जानेवारी २०२५

अक्का,

इंजिन आलं. बसवलं. गेल्या रविवारी चाचणी घेतली. होडीत मी आणि प्रेमराज दोघंच होतो. प्रेमराज म्हणजे आपल्या शेजारच्या मळ्यातला, ज्योत्स्नाने त्याला कामावर घेतलं आहे. ज्योत्स्ना पाण्यातून अशी उठून उभी राहिली की काठावरच्या बायका धुणं सोडून बघत बसल्या. तू असतीस तर तुझंही तोंड बंद झालं असतं.

१२ तारखेला नारळ फोडतो आहे. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, बघून घे कॅलेंडरात. तू आणि दाजी या. आलात तर आनंद आहे, नाही आलात तरी फैजपूरला काय कळवायचं ते आता तुला कळलं असेल.

समाधान


जळगाव
१६ जानेवारी २०२५

समाधान,

मी आले नाही याचं तुला बरं वाटत असेल. आले असते तर त्याच होडीतून तुला पाण्यात ढकललं असतं.

माझ्या मुलीचा खांदा निखळला हे मला तू सांगितलं नाहीस. भाऊबंदांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, वर गाणं लावून, खाली खांदा निखळल्याचं लिहून. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर तो बघितला. होडी माणसांनी खच्चून भरलेली. पुढे भावकीतले सगळ्यात वडील, आपले अभिमन आबा फेटा बांधून बसलेत, सरपंच बसलेत, तुझ्या सासरची मंडळी बसली आहेत. सगळे पुढे बघून हात हलवताहेत. आणि मागे माझी मुलगी. उभी नाहीच. तिचं डोकं दिसतं, जातं, पुन्हा दिसतं, पुन्हा पाण्यात जातं. आणि होडी तिला ओढतेच आहे.

मी तो व्हिडिओ थांबवून बघितला. इंजिनाच्या पांढऱ्या टोपणावर आकडा लिहिलाय. चाळीस.

नव्वद म्हणालास. खळ्यात बसून शिकलो म्हणालास. मला उकिडवं बसण्यापासून पंख्याच्या पिळापर्यंत सगळं लिहून पाठवलंस आणि आणलंस शेवटी ट्रॅक्टरच्या मापाचं. पाच तारखेच्या पत्रात इंजिन आलं लिहिलंस, कितीचं आलं ते लिहिलं नाहीस. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तुझ्यासारख्या माणसाला भाऊ म्हणायची मला लाज वाटते, आणि हे मी शांत डोक्याने लिहिते आहे.

ज्योत्स्ना माझा फोन घेत नाही. तिला ताबडतोब जळगावला पाठव. फैजपूरला मी होकार कळवते आहे. तुझी होडी, तुझं इंजिन आणि तुझी ती दोरी तुझ्याजवळ ठेव.

सुलक्षणा


तापीकाठ
२० जानेवारी २०२५

अक्का,

तू मला ढकललं असतंस तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. पण तुझं बोलणंही मी सगळं गिळणार नाही.

काय झालं ते ऐक. होडीत पुढे सप्तशृंगीचा फोटो लावला होता, हार घातला होता, दिवा होता. ज्योत्स्नाचा नियम असा की होडी चालवणारा पुढे बघेल आणि एक माणूस मागे तोंड करून बसेल, दोरीवरच्या माणसाकडे बघत. ते काम प्रेमराजचं. तो बसला होता बरोबर. मग आबा चढले. आबा चढले म्हणून सरपंच चढले. सरपंच चढले म्हणून माझे सासरे चढले. पहिल्या फेरीला नाही म्हणायचं कुणाला? तू म्हटलं असतंस? आबांनी बसल्या बसल्या प्रेमराजला हटकलं, "देवीकडे पाठ करीसन बठस का रे? फिर तिकडे." पोरगा घाबरला आणि फिरला. मी बघत होतो. मी काही बोललो नाही.

इंजिन नुसतं किंचाळत होतं, होडी वर येईना. नाक आभाळाकडे आणि मागचा भाग पाण्यात. मला वाटलं, ओढ लागत नाही बघून ज्योत्स्नाने दोरी सोडून दिली असेल, म्हणून मी आणखी रेटलं. तिने सोडली नव्हती. काठावर धुणं धुणाऱ्या भागाबाई ओरडल्या, तेव्हा मी मागे बघितलं. तिला होडीत घेतलं तेव्हा तिचा उजवा हात नुसता लोंबत होता. शिरपूरच्या डॉक्टरांनी खांदा लगेच बसवला. आता पट्टा आहे, दीड महिना हलवायचा नाही.

चाळीसचं इंजिन मी आणलं. मला घाई झाली होती. जे काय बोलायचं ते मला बोल, तिला बोलू नकोस. पण तिला मी पाठवणार नाही. ती येत नाही म्हणते आणि मी तिला बसमध्ये कोंबणार नाही.

समाधान


तापीकाठ
२३ जानेवारी २०२५

आई,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवायची असतील तर ठेव, तेवढंच राहिलंय.

तुला लिहिलेलं पत्र मामाने मला दाखवलं नाही. पोस्टात पडण्याआधी मी मामीकडून काढून घेऊन वाचलं. त्यात शेवटी तो खोटं लिहितो आहे. चाळीसचं इंजिन त्याने आणलं नाही. मी आणायला लावलं.

तीन महिने खरे होते, आई. तुझ्या दुकानातले नव्हते. मी स्वतः मुंबईला फोन करून भांडले, रडले, काही उपयोग झाला नाही. त्या विक्रेत्याच्या गोदामात त्या वेळी एकच इंजिन तयार होतं, चाळीसचं. मामा नाही म्हणत होता. आपण थांबू, अक्काचं मी बघतो म्हणत होता. मी त्याला म्हटलं, तू माझ्या आईला ओळखत नाहीस. मग आणलं त्याने. तुझ्या तारखेत बसणारं तेवढं एकच इंजिन होतं.

मी काही अडाणीपणाने घेतलं नाही. होडीत दोन माणसं, मागे मी, माझं वजन तुला माहीतच आहे. चाळीसमध्ये ते जेमतेम होतं. चाचणीच्या दिवशी झालंही. फेब्रुवारीत नव्वदचं आलं की हे बदलायचं, तोवर संक्रांत निघून जाईल, एवढाच माझा हिशेब होता. चुकलं ते एवढंच, की मी मालवणचा हिशेब इथं लावला. तिथं होडीत एक माणूस जास्त चढला की मी सांगायचे, काका, उतरा, पुढच्या फेरीत या. ते उतरायचे. इथं आबांना उतरा कोण म्हणेल? मी पाण्यात होते. फळ्या पायात होत्या. एकेक जण चढताना मला दिसत होता. प्रेमराज तोंड फिरवून बसला तेही मला दिसलं. हात वर केला असता तर सगळं थांबलं असतं. मी केला नाही. मला वाटलं, आज थांबलं तर आज फेरी होणार नाही, आणि परवा संक्रांत. म्हणून मी दोरीही सोडली नाही. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता उचलेल, आता उचलेल.

मान हलवली होती मी, हे खरं. तुझ्यासमोर दुसरं काय हलवता येतं?

मामाला तू जे लिहिलंस ते वाचून मला तुझा इतका राग आला की उजवा हात असता तर मी तेव्हाच लिहिलं असतं. त्याला भाऊ म्हणायची लाज वाटते म्हणतेस. तो माझं नाव न घेता सगळं स्वतःवर घेऊन बसला आहे, आणि रोज माझी वेणी मामी घालते.

फैजपूरला होकार द्यायचा तर दे. लग्नाच्या दिवशी मी तिथं नसेन, एवढं त्यांनाही कळव, म्हणजे त्यांची फसवणूक होणार नाही.

ज्योत्स्ना


जळगाव
३ फेब्रुवारी २०२५

समाधान आणि ज्योत्स्ना,

एकच पत्र दोघांना लिहिते. दोन वेळा चिडायला मला वेळ नाही.

ज्योत्स्नाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि दाजी फैजपूरला गेलो. होकार द्यायलाच गेलो होतो. ज्योत्स्ना, तुझं ते लग्नाच्या दिवशी नसेन वगैरे मी मनावर घेतलं नव्हतं. पोरी बोलतात. पण खांद्याचं लपवून सोयरीक करायची नाही, एवढं मला कळतं, म्हणून बसल्यावर आधी तेच सांगितलं. होडीमागे पडली, उजवा खांदा निखळला, बसवलाय, दीड महिन्यात बरा होईल.

कोकिळाताई चहा ओतत होती. ओतता ओतता म्हणाली, "बरं झालं बाई. आपोआप ताळ्यावर आली. नाहीतर लग्नानंतर आम्हालाच आणावं लागलं असतं." आणि हसली. गिरधरनानाही हसले. मुलगा तिथंच बसला होता, तोही हसला, थोडंसंच, पण हसला.

बरं झालं. माझ्या पोरीचं डोकं पाण्याखाली जात होतं, येत होतं, आणि ही बाई चहा ओतत म्हणते बरं झालं. ज्योत्स्ना, तुला मी आयुष्यभर वाटेल ते बोलले आहे, यापुढेही बोलेन. पण त्या क्षणी मला संताप आला. मी म्हटलं, "खांदा निखळलाय माझ्या मुलीचा, अक्कल नाही. आणि तिला ताळ्यावर आणायला माझ्या घरात मी आहे, तुमची गरज नाही." कप खाली ठेवला आणि उठले. मी रस्त्यावर पोचले तरी चप्पल घातली नव्हती. दाजी मागून दोन्ही जोड हातात घेऊन आले. बसने जळगावला आलो. उतरताना म्हणाले, "चांगलं बोललीस." तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

तारीख मी दिली होती. ज्योत्स्नाने लिहिलं ते मी वाचलं आहे, दोनदा वाचलं आहे. त्यावर मला आणखी बोलायला लावू नका. समाधान, तुला भाऊ म्हणायची मला लाज वाटत नाही. हे एवढ्यावरच सोड, फोनवर काढायचं नाही.

आता इंजिन. दोन माणसं बसतील असं धरून आपल्याकडे इंजिन घेणं म्हणजे वीस पानं मांडून गावाला जेवायला बोलावणं आहे. आबा पुन्हा चढणार. त्यांना कुणी नाही म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही, म्हणून ते बसलेत असं धरूनच ताकद ठरवा. होडीला जास्तीत जास्त कितीचं इंजिन चालतं ते तिच्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असेल, ते आधी बघा, नाहीतर मोठं इंजिन लावून मागून बुडवाल. नव्वद पुरेल की एकशे पंधरा लागेल ते ज्योत्स्ना ठरवेल. मामाने ठरवायचं नाही, मी तर नाहीच नाही. देवीचा फोटो मागे, इंजिनाच्या बाजूला लावा. म्हणजे प्रेमराज मागे बघेल तेव्हा देवीकडेच बघत असेल, आबांनाही बोलायला जागा राहणार नाही.

चाळीसचं परत करायचं का विकायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या मुलीच्या होडीला ते पुन्हा लागलेलं मला दिसता कामा नये.

खांद्याला दीड महिना सांगितलाय तर दोन महिने ठेव. आंबट खाऊ नकोस, तुला खोकला होतो.

आणि नवीन इंजिन कधी येणार, ते मला कळवू नका.

सुलक्षणा